वनवास कुणाच्या वाट्याला

ताडपत्राच्या पोथीचे शत्रू कोण, असं कुणी तिलोत्तमा पृष्टीला विचारलं तर ती बोटांवर मोजून दाखवते: ओल, कसर, उंदीर, गळकं छप्पर आणि भक्ती. भक्तीपाशी आली की समोरचा हसतो. ती हसत नाही. कसर मागच्या बाजूनं चोरून शिरते, भक्ती मात्र रोज सकाळी समोरच्या दारानं येते, हातात चंदनाची वाटी घेऊन. पिढ्यान्‌पिढ्या गंध, हळद, दूध वाहून पानं एकमेकांना चिकटतात, पोथीचा लाकडी ठोकळा होतो आणि घरचे त्या ठोकळ्याला नमस्कार करत राहतात. "एकदा देव केला की वाचायची कटकट मिटली," असं तिचं म्हणणं.

ओडिशातल्या पुरीपासून बसनं थोडं आत गेलं की एक लहान शहर लागतं, तिथल्या पोथीसंग्रहालयात तिलोत्तमाचं अर्धं आयुष्य गेलं. अंगाला कायम गवती चहाच्या तेलाचा वास. कीड लागू नये म्हणून पानांना ते तेल चोळतात, आणि पानांपेक्षा तेच जास्त चोळणाऱ्याच्या अंगात मुरतं. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस आधी नाक वर करतो, मग विचारतो, "पोथीवाल्या अपा का?" अपा म्हणजे थोरली बहीण, आता साठीचे म्हातारेही तिला अपाच म्हणतात. नवरा शिकवण्या घेतो. लोकांना सांगतो, "मला सवत आहे, ताडाच्या पानाची. पावसाळ्यात तिची सर्दी आधी, माझा ताप नंतर."

हल्ली या धंद्यात नवी चिंता आली होती. पोथी वाचवायची म्हणजे तिचे फोटो काढून संगणकात घालायचे, आणि किती पानं घातली त्याचा आकडा रोज वर कळवायचा. आकडा लवकर फुगतो तो धडधाकट पोथ्यांनी. चिकटलेली, अर्धवट पोथी म्हणजे दिवसभर राबून मूठभर पानं. म्हणून हुकूम निघाला: पूर्ण पोथ्या आधी, अपूर्ण नंतर. सरकारी 'नंतर' कधी उजाडतं हे तिलोत्तमाला ठाऊक होतं. तिचे अधिकारी सेठी साहेब मनानं वाईट नव्हते, पण आकड्यापुढे त्यांचं काही चालत नसे. "मरायला टेकलेल्याला दवाखान्याबाहेर बसवायचं आणि पैलवानाची नाडी बघायची," ती त्यांच्या तोंडावर म्हणायची. ते म्हणायचे, "मॅडम, पैलवान मोजायला सोपे असतात."

कार्तिक संपत आला असताना, तिकडे तो पुनवेलाच संपतो, झुनू भाउजचा, म्हणजे झुनू वहिनीचा, फोन आला. झुनू ही गोपीपाटणा गावच्या कानुनगो घराण्यातली सून. मागे गावोगावच्या पोथ्यांची नोंद घेत फिरताना तिलोत्तमानं तिच्या हातचा चहा घेतला होता, तेवढीच ओळख.

"अपा, आमच्या पोथीचा कोपरा तुटला," झुनू म्हणाली. "पुरोहित म्हणाले, भग्न झालेलं पूजेत ठेवत नाहीत. पुनवेला नदीत सोडायचं ठरलंय. सासरे कुणाचं ऐकत नाहीत, माझं तर नाहीच नाही. तुम्ही येऊन भांडून बघा."

जीर्ण पोथी नदीला द्यायची ही तिथली जुनी रीत. पूर्वी ती चांगलीच होती, कारण आधी नवी नक्कल करायची आणि मगच जुनी सोडायची. नक्कल करणारे गेले, सोडणारे तेवढे राहिले.

सेठी साहेबांनी नोंद काढून बघितली. "अपूर्ण, असं लिहिलंय इथे. रामलीलेची पोथी, अर्धवट. त्यासाठी तुम्ही जाणार?"

"मी रजा टाकते."

"रजेवर कॅमेरा नेता येत नाही."

"मग कॅमेऱ्यालाही रजा द्या," ती म्हणाली. साहेबांनी सही केली. त्यांना तिच्याशी वाद घालण्यापेक्षा सही करणं नेहमीच स्वस्त पडे.

गोपीपाटण्यात दोन आळ्या: उपर साही आणि तळ साही, मध्ये तळं आणि भागवत टुंगी, म्हणजे संध्याकाळी गाव जिथं पोथी ऐकायला बसतं ती ओसरी. उपर साहीत झुनूचे सासरे, थोरल्या घरचे चक्रधर कानुनगो, ओसरीवर बसले होते. ताठ, पांढरे, कुणी हसवलं तर अपमान समजणारे.

"सरकारनं पाठवलं?" त्यांनी विचारलं.

"सरकारनं अडवलं, मउसा. म्हणून आले." वडील माणसाला तिकडे मउसा म्हणतात, म्हणजे मावसा.

म्हाताऱ्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. पण बोलला तो कडूच. "नेऊन कपाटात कोंबणार. किल्ली एकाकडे, आणि तो एक कायम गावाला गेलेला. इथं निदान रोज दिवा लागतो. त्यापेक्षा नदी बरी. नदी आई आहे."

किल्लीचं खोटं नव्हतं, त्यामुळे तिलोत्तमाला राग गिळावा लागला. "मी काही नेणार नाही," ती म्हणाली. "पान तुम्हीच उचलायचं, तुम्हीच ठेवायचं. मी फक्त फोटो घेते. माणूस गेल्यावर भिंतीला फोटो लावतो ना आपण? मग हिला बिनफोटोची घालवता?"

यावर चक्रधर उठले, आत जाऊन पोथी घेऊन आले. मग सुनेला म्हणाले, "चटई टाक."

लाल कापडातून पोथी निघाली. दोन लाकडी फळ्यांमध्ये ताडाची पानं, मधल्या भोकातून ओवलेली दोरी, आणि वर चंदनाचा हा जाड थर. तिलोत्तमानं हात धुऊन कोरडे केले. दारात उभ्या झुनूनं विचारलं, "टीव्हीवर पांढरे हातमोजे घालतात ना, अपा?"

"मोजे घातले की बोटं आंधळी होतात. पान मोडलं तरी कळत नाही. स्वच्छ हातासारखं हत्यार नाही, भाउज."

बांबूची पातळ काडी, मऊ कुंचला आणि धीर. पान सुटायचं, चक्रधर ते दोन हातांनी उचलायचे, तिलोत्तमा तिरप्या उजेडात कोरलेली अक्षरं बघायची आणि कडेचा आकडा टिपायची. एक. मग तीन. मधलं गेलं असेल. मग पाच. मग सात. अकरावर आल्यावर तिचा हात थांबला. उंदीर इतका शिस्तीचा नसतो, आणि कसर तर नाहीच नाही.

"मउसा, सम पानं कुठंयत?"

चक्रधर भिंतीकडे बघायला लागले. दाराआड झुनू पदर तोंडाला लावून हसत होती.

"सांगू का, अपा?" ती म्हणाली. सासऱ्यांनी नको म्हटलं नाही, म्हणून तिनं सांगितलं. ही लीला लिहिली यांच्या पणजोबांनी. गावची, गावासाठी, दुसरीकडे कुठं नाही. पुढं यांचे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ वेगळे झाले. गायी वाटल्या, नारळ वाटले, फणसाच्या झाडाच्या पूर्वेच्या फांद्या एकाला, पश्चिमेच्या दुसऱ्याला. राहिली पोथी. पंच म्हणाले, मधून दोन भाग करा. तर पहिल्या भागात रामजन्म आणि लग्न, दुसऱ्या भागात वनवास, सीतेचं हरण आणि रडारड.

"वनवास घरात कोण ठेवून घेणार?" झुनू म्हणाली. "थोरले म्हणाले, मी थोरला, पहिला भाग माझा. धाकटे म्हणाले, वा, सगळी लग्नं तुमची आणि सगळा वनवास माझा? कुणी मागं हटेना. शेवटी पंचांनी पानं वाटली. विषम इकडं, सम तिकडं. वनवास दोन्ही घरांत सारखा."

तिलोत्तमाला आधी हसू आलं आणि मग असा संताप आला की काडी खाली ठेवावी लागली. रामाचा वनवास तराजूत घालून वाटणाऱ्या गावाला न्याय समजत नाही असं कोण म्हणेल? फक्त अक्कल तेवढी वाटणीत कुणाच्याच वाट्याला आली नव्हती. तेव्हापासून दोन्ही साह्या चैत्रात आपापली रामलीला करत, आणि मधली हरवलेली वाक्यं ज्याला जशी सुचतील तशी घालत.

"मउसा, ही पोथी भग्न नाही," ती म्हणाली. "कोपरा तुटला तो एका पानाचा. पोथी नुसती वाटलेली आहे. बाकीची तळ साहीत आहे."

"तळ साहीचं नाव या ओसरीवर घेऊ नका," चक्रधर म्हणाले. "परवा पुनव. सकाळी पुनवेच्या केळीच्या नावा सोडून झाल्या की हिला सोडायचं. ठरलंय ते ठरलंय."

इथली पानं पाण्यात गेली की तिकडची पानं म्हणजे शेंडा नाही बुडखा नाही अशी अर्धी वाक्यं. नुसते फोटो घेऊन ठेवावेत, तर निम्म्याच पानांचे. एका माणसानं जन्म घालवून लिहिलेली लीला दोन घरांच्या हट्टापायी कायमची मुकी होणार होती, आणि जगात तिची दुसरी प्रत नव्हती.

ती तळं ओलांडून तळ साहीत गेली. धाकट्या घरचे वांछानिधी कानुनगो गोड माणूस. शहाळं दिलं, मुढी म्हणजे मुरमुरे दिले, घरातल्या सगळ्यांची चौकशी केली. "माझी पोथी ना? बघा की. अगदी आनंदानं. फक्त आधी त्यांना दाखवू दे."

"त्यांनी मला दाखवली."

"तुम्हाला. मला नाही."

ती परत वर गेली. चक्रधर म्हणाले, "त्यानं आधी दाखवावी. धाकटा आहे." ती परत खाली आली. दोन दिवस तिचं असं टपालखातं झालं. वरून निरोप यायचा, "त्याला विचारा, आजोबांच्या फणसाच्या फांद्या अजून मोजतो का." खालून उत्तर जायचं, "त्यांना सांगा, फणस त्यांचा, पण पिकले की गरे आमच्याच अंगणात पडतात." एकमेकांच्या घरचं पाणीही न पिणारी ही माणसं एकमेकांच्या घरात आज नुसता भात शिजतो की डालमा, म्हणजे भाज्यांचं वरण, हे मात्र बिनचूक सांगत होती.

मध्येच सेठी साहेबांचा फोन. "मॅडम, आज किती पानं?"

"एकही नाही. कालचीसुद्धा निम्मीच धरा."

"मी वर काय सांगू?"

"सांगा, पृष्टीबाई दोन म्हाताऱ्यांचं लग्न जमवतायत," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिला रडू येण्याच्या बेतात होतं, आणि ते साहेबांना कळू द्यायचं नव्हतं.

टुंगीच्या पायरीवर पाय चोळत बसली असताना तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन दिवस ती एकच शब्द घेऊन फिरत होती: दाखवा. दाखवणं म्हणजे नमणं. कोण आधी नमेल? पण मागे याच टुंगीत पहिलं वाचन कुणाचं यावरून गावात डोकी फुटल्याचं तिनं ऐकलं होतं. आधी वाचायला इथं कुणी नाही म्हणालं नसतं. तीच पानं, तोच कॅमेरा, फक्त मागणी चुकली होती.

ती वर गेली. "मउसा, पहिलं पान कुणाकडे?"

"आमच्याकडे. सगळ्या गावाला माहीत आहे."

"मग उद्या टुंगीत पहिलं वाचन कुणाचं?"

चक्रधर आधीच ताठ होते, ते आणखी ताठ झाले. "वाचून झाल्यावर नदी," ते म्हणाले.

"वाचून झाल्यावर तुमची मर्जी," ती म्हणाली.

मग ती खाली गेली. "मउसा, शेवटचं पान?"

"माझ्याकडे," वांछानिधी म्हणाले. "राज्याभिषेक."

"म्हणजे समाप्ती तुमच्या तोंडून, आणि शंखही तुम्ही वाजवणार. अर्थात, यायचं नसेल तर राहू द्या. लोक म्हणतील, वरच्यांची पानं तरी टिकली, खालच्यांची वाळवीनं खाल्ली."

"कोण म्हणतं वाळवी?"

"अजून कुणी नाही."

पुनवेला पहाटे गावानं केळीच्या सोपट्याच्या नावा दिवे लावून नदीत सोडल्या, आणि उन्हं आली तशी सगळी टुंगीत जमली. आदल्या रात्री तिलोत्तमानं दोन्ही घरी बसून चिकटलेली पानं सुटी करून घेतली होती. आता तिनं मधोमध रिकामा पाट ठेवला होता, वर कॅमेरा, बाजूला तिरपा दिवा. पाटाच्या एका अंगाला चक्रधर, दुसऱ्या अंगाला वांछानिधी, दोघांची तोंडं दोन दिशांना.

चक्रधरांनी पहिलं पान पाटावर ठेवलं आणि खणखणीत आवाजात वाचलं. अयोध्या सजली, दशरथाची चलबिचल, आत राण्या, बाहेर वाजंत्री, आणि दासी धावत येऊन म्हणते की... पान संपलं. वांछानिधींनी सावकाश चष्मा काढला. पुसला. उजेडात धरून बघितला. मागून एक म्हातारी म्हणाली, "वांछा, रामाला जन्माला तरी येऊ दे, रे."

टुंगी खदखदली, वांछानिधी वाचायला लागले, आणि राम जन्माला आला.

सुरुवातीची पानं अशी अडखळत गेली. पण ओवीचं अर्धं वाक्य तोंडात अडकलं की घशात घास अडकल्यासारखं होतं. हळूहळू एकानं सोडलेला सूर दुसरा उचलायला लागला. चक्रधरांचं पान उठायच्या आत वांछानिधींचं तयार असायचं. तिलोत्तमा बटण दाबत होती आणि कडेचे आकडे बघत होती, एक, दोन, तीन, चार, आणि हा साधा पाढा तिला जगातल्या सगळ्या संगीतापेक्षा गोड लागत होता.

मग वनवास आला. राम, सीता आणि लक्ष्मण निघाले. ऊर्मिला लक्ष्मणासमोर येते. उपर साहीच्या रामलीलेत ती म्हणायची, "जा, मी अडवत नाही. पण एक सांगून जा," आणि पुढचं पान नसल्यामुळे कुणीतरी कधीकाळी जोडून दिलं होतं, "डालमात मीठ किती घालू?" लोक दरवर्षी हसायचे. तळ साहीच्या पानावर नुसतंच होतं, "चौदा वर्षं मी भांडू कुणाशी?" कोण म्हणतं ते नव्हतं, म्हणून त्यांनी ते झोपेतून उठणाऱ्या कुंभकर्णाच्या तोंडी घातलं होतं. तिकडेही लोक हसायचे.

चक्रधरांनी वाचलं, "जा, मी अडवत नाही. पण एक सांगून जा."

वांछानिधींनी वाचलं, "चौदा वर्षं मी भांडू कुणाशी?"

कुणी हसलं नाही. बायकांच्या बाजूला झुनूनं पदर डोळ्याला लावला. आपण इतकी वर्षं कुणाच्या दुःखाला हसलो हे गावाला एकदम समजलं. पुढचं पान चक्रधरांचं होतं, पण त्यांचा आवाज फुटेना. वांछानिधींनी आपल्यापुढचा पाण्याचा तांब्या पाटावरून पलीकडे सरकवला.

"चक्र भाई, पाणी घ्या."

सगळी टुंगी त्या तांब्याकडे बघत राहिली. चक्रधरांनी तो उचलला, वरून घटाघटा पाणी प्यायले आणि मिशी पुसली. "तुझं पान संपलं," ते म्हणाले. "आता गप बस. माझं आहे."

तिलोत्तमानं बटण दाबलं. डोळ्यांत पाणी आल्यामुळे तो फोटो हलला, आणि तिला तो परत घ्यावा लागला.

उन्हं कलली तेव्हा शेवटचं पान पाटावर आलं. वांछानिधींनी रामाला सिंहासनावर बसवलं आणि शंख वाजवला. तेवढ्यात केळीची एक मोठी नाव, कुंकू आणि फुलं घेऊन पुरोहित आले. "चला, उशीर होतोय. नदीवर जायचंय ना?"

"कशाला?" चक्रधर म्हणाले.

"पोथी भग्न झाली ना तुमची?"

"कोण म्हणतं भग्न? आख्खी आहे. आत्ता वाचली मी."

"अर्धी मी वाचली," वांछानिधी म्हणाले.

"बरं, यानं वाचली अर्धी. पण आख्खी आहे."

पुरोहितांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि नाव तशीच रिकामी, नुसता दिवा लावून, नदीला नेली.

लगेच गावाला नवं सुचलं: दोन्हीकडची पानं एका दोरीत ओवून टाका. ओवायला कुणाची हरकत नव्हती, पण ओवलेली पोथी कुणाच्या घरी, यावर आवाज चढायला लागले. तिलोत्तमा उठून उभी राहिली. "कुणी काही ओवायचं नाही," ती म्हणाली. "ज्याची पानं त्याच्या घरी, जशी आली तशी जातील. फोटोंची एक प्रत वर, एक खाली, एक आमच्याकडे. एकीला आग लागली तरी दोन राहतील. त्यावरून चैत्रात लीला करा, एकच, आख्खी. पण खऱ्या पोथीतून ऐकायचं असेल तर या दोघांना इथं येऊन बसावं लागेल."

"म्हणजे दरवर्षी याचं तोंड बघायचं?" चक्रधर म्हणाले.

"बघावं लागेल, मउसा."

"बघू," ते म्हणाले. त्या घरात 'बघू' याचा अर्थ 'हो' असतो, हे झुनूनं तिच्या कानात सांगितलं.

चक्रधरांनी लाल कापडातली पोथी डोक्यावर घेतली. सकाळी ती याच डोक्यावरून नदीवर जायची होती. वांछानिधींनी आपली घेतली. तळ्यापाशी वाट फुटते तिथं मिरवणुकीचे दोन भाग झाले, जीभ हलवून हुळहुळीचा मंगल आवाज करत अर्ध्या बायका वर निघाल्या, अर्ध्या खाली. मध्ये तिलोत्तमा उभी, पिशवीत कॅमेरा, अंगाला गवती चहाचा वास, आणि छातीत मावेना इतका आनंद. असा आनंद तिला लग्नातही झाला नव्हता. पुढं नवऱ्याला तिनं हे सांगितलं आणि त्यानं ते हसून घेतलं.

"अपा, इकडं. हबिष डालमा केलाय, कार्तिकाच्या व्रताचा," वरून झुनूनं हाक मारली.

"अपा, खिरी तयार आहे. आधी इकडं," खालून वांछानिधी म्हणाले.

"आधी का म्हणून? पहिलं पान आमचं," वरून चक्रधरांचा आवाज आला.

त्या दिवशी तिलोत्तमा आधी कुणाकडे जेवली, यावरून गोपीपाटण्याच्या दोन साह्यांत अजून वाद आहे. तिला विचारलं तर ती एवढंच सांगते की ती दोनदा जेवली, दोन्हीकडे पोटभर.